ओल्या सारवणावरचे रोडगे

माघातली ती दुपार आठवली की गोवऱ्यांचा कडवट धूर अजून माझ्या नाकाशी येतो, आणि त्याच्यामागून वाळलेल्या तुरीचा वास. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वडनेर भोलजीच्या आमच्या मळ्यात लिंबाच्या पानांतून ऊन पाझरत होतं, आणि त्याच्या कवडशांत, पांढरं धोतर सावरत, मी उपवर मुलगा मूर्तीसारखा बसलो होतो. धामणगाव बढ्याहून मुलीचे वडील मला पाहायला आले होते. ते जेवून होकार देणार की नुसतं पाणी पिऊन उठणार, यावर माझा सारा जन्म टांगलेला!

बेत रोडग्यांचा. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरायचे, खरपूस झाले की राख झटकून तुपात बुडवायचे. पण त्या दिवशी विस्तव तापेचना. वरून लालभडक, आणि रोडगा फोडावा तर आत पांढरीफटक कणीक. बाबांनी सुपानं वारा घातला, गोवऱ्या उभ्या रचल्या, आडव्या रचल्या, व्यर्थ.

"गोवऱ्याच दमट असतीन," आत्या म्हणाली.

"काऊन दमट असतीन?" माय फणकारली. "तुमच्या भावाच्या हातात जोर नाही, आत्याबाई!"

"आता मले काऊन बोलून राह्यली?" बाबा धुरातून खोकले.

तेवढ्यात पाहुणे उठले. निघाले, संपलं सारं, असं मी मनाशी म्हणतोय, तोच त्यांनी बाही वर सारली आणि उघडा हात कडेनं त्या ढिगाच्या तळाशी खुपसला. आत्या किंचाळली. बाबांच्या हातून सूप गळालं. आणि निखाऱ्यांखालून तो हात शाबूत बाहेर आला. तळव्याला गार, ओला चिखल!

पाहुण्यांची जागा पवित्र असावी म्हणून मायनं सकाळीच घागरी ओतून लिंबाखालची सारी जमीन शेणानं सारवली होती, रोडगे भाजायच्या जागेसकट. सारी ऊब भुई पिऊन बसली होती.

मायनं पदरात तोंड लपवलं. पाहुण्यांनी हात झटकला. "इहीणबाई, पाहुण्यासाठी सारोलं, हाव. आता जावयाच्या रोडग्यासाठी कोरडी जागा पाहा. भूक लागली मले."

इहीणबाई! अजून एक रोडगा भाजला नव्हता, मुलीचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. बाबांनी घाईनं पडलेलं सूप उचललं.

बांधाजवळच्या कोरड्या जागेवर मग विस्तव असा फुलला, की पुढं कितीतरी वेळ आमचे चेहरे तांबूस दिसत होते. सासरे आता नाहीत. हिवाळ्यात गोवऱ्या पेटल्या की त्यांचा तो हात मला दिसतो. तो त्यांनी विस्तव पाहायला घातला होता की आमचं घर, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.