टेप लावल्यावरची दोन मिनिटं

हिरागा तोमिए आमच्या कारखान्यात टेप ओढायच्या. एवढंच त्यांचं काम. ऐकणाऱ्याला हसू येतं, मलाही यायचं; पण त्सु शहराबाहेरच्या त्या कारखान्यात भिंतीवर टांगता येईल असा पातळ टीव्ही बनवायची जी काही आशा होती, ती त्यांच्या दोन हातांवर होती.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. मी काचेवर काळा लेप छापायची. त्या लेपात कार्बनचे तंतू असत, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. काच भट्टीतून भाजून आली की हे तंतू लेपात आडवे पडलेले असत, आणि आडव्या तंतूंचा काही उपयोग नाही. ते उभे राहिले तरच त्यांच्या टोकांतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरची काच उजळते. त्यांना उभं करायचा उपाय म्हणजे वर चिकटटेप लावायची आणि ओढून काढायची. मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांनी बराच पैसा घालवून शोधलेलं शास्त्र शेवटी इथे येऊन थांबलं होतं.

टेप सगळेच ओढायचे. माझ्या हातची काच लावली की पडद्यावर काळे पट्टे दिसत. मानाने आम्ही त्यांना हिरागासान म्हणायचो; त्यांची काच या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी उजळायची.

त्यांची हातोटी कशात होती ते मला ठाऊक होतं. टेप लावून झाली की त्या हात मांडीवर ठेवून मास्कच्या आड पुटपुटत. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाई आकडे मोजतात. मग एकदा नीट ऐकू आलं: "अहो, आज पण मसुमीचा फोन नाही आला. दुपारी नूडल्स होते, फार खारट. बरं, येते मी." आणि टेप ओढली. त्यांचे यजमान योशिहारु याच कारखान्यात, याच टेबलावर त्यांच्या समोर बसायचे. ते जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. लेक मसुमी दूर साप्पोरोला. जेवायच्या सुट्टीत बाई खिडकीकडे तोंड करून एकट्या बसायच्या आणि हाक मारली तर गोड हसून परत खिडकीकडे वळायच्या. दिवसभरात त्या मनापासून बोलायच्या ते तेवढंच, काचेगणिक दोन मिनिटं. मी कधी कुणाला सांगितलं नाही, स्वतः थांबूनही पाहिलं नाही; ती दोन मिनिटं त्यांची होती. मला चोंबडेपणाची हौस आहे, पण तेवढी नाही.

माझं अकरावं वर्ष चालू होतं आणि पुढच्या मार्चमध्ये त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. टेप ओढायला कारखान्याने रूळवालं मशीन करायला घेतलं. विभागप्रमुखांनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं की मशीन जमलं तर निवृत्ती, नाही जमलं तर आणखी पाच वर्षं या. मशीन फसावं असं त्यांना वाटत होतं आणि तसं वाटण्याची त्यांना लाजही वाटत होती. त्यांना ते टेबल सोडायचं नव्हतं, दुसरं काही नाही.

मशीनचा इंजिनियर सेगावा, भला माणूस. कॅमेरा, घड्याळ, कोनमापक घेऊन तो तीन दिवस त्यांच्या मागे उभा राहिला. छापलेली काच महाग, म्हणून मापं घेतली कोऱ्या काचेवर. टेप ओढायचा वेग टिपला, कोन टिपला, बोटांचा दाब टिपला. आणि हिरागासान टेप लावली की लगेच ओढत होत्या. मागे माणूस उभा आहे आणि आपण हात मांडीवर घेऊन बसलोय, हे त्यांच्याच्याने होणारच नव्हतं. आमच्याकडे कुणाच्याच्याने झालं नसतं. मी पाहत होते आणि गप्प होते.

मशीनच्या सहाच्या सहा काचांवर पट्टे आले. फेब्रुवारीच्या वीस तारखेला मुख्य कचेरीचे लोक पाहायला येणार होते आणि मशीनची काच सारखी उजळली नाही तर आमचा गटच मोडणार होता. सेगावाने जेवायला यायचं सोडलं. तो मशीनचे रूळ काढी, पुसी आणि परत बसवी.

हिरागासान त्याला सांगायला निघाल्या तेव्हा कपाटाशी मी त्यांना म्हटलं, "गप्प बसा. इतक्या वर्षांत तुम्हाला कुणी विचारलं का?"

त्या म्हणाल्या, "गट मोडला तर तू कुठे जाशील? आणि सेगावासानची पोर अजून रांगतेय."

तशाच त्या आत गेल्या. "सेगावासान, टेप लावल्यावर मी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात टेपचा डिंक नीट बसतो बहुतेक."

"पण मापं घेताना तर तुम्ही लगेच ओढत होतात."

"तुम्ही उभे होतात ना."

तो खाली बसला. मग त्याने विचारलं की त्या दोन मिनिटांत त्या काय करतात, काही दाबून वगैरे धरतात का. नुसती बसते म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण काम विचारणाऱ्याशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"नवऱ्याशी बोलते," त्या म्हणाल्या.

सेगावाने मान खाली घातली. मग त्यांना एक काच करायला सांगून तो पाठ फिरवून उभा राहिला, मला घड्याळ धरायला लावलं. एकशे तीस सेकंद भरले. त्या वेळी त्या पुटपुटल्या नाहीत. सेगावाने कागदावर लिहिलं: थांबणे, १३० सेकंद.

मशीनची काच कडेपासून कडेपर्यंत उजळली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्चअखेर हिरागासानना फुलं दिली, आम्ही रांगेत उभं राहून वाकलो, आणि त्या गेल्या.

ऑक्टोबरात गट मोडलाच. दुसऱ्या जातीचे पातळ टीव्ही इतके स्वस्त झाले की आमचा कुणाला नको झाला. मशीन भंगारात गेलं, सेगावा दुसऱ्या गावी, मी पॅकिंगला. हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी डिसेंबरात त्यांच्या घरी गेले.

देवघरात योशिहारुंचा फोटो, पुढे वाफाळता भात. मी म्हटलं, "आता काय, ते समोरच आहेत. घड्याळाची कटकट नाही, पोटभर बोला."

"नाही जमत गं," त्या म्हणाल्या. "घरी आम्ही कधी बोललोच नाही. ते पेपर वाचायचे, मी भांडी घासायचे. बोलणं व्हायचं ते टेबलावर, हात कामात असताना. इथे बसले की नुसता फोटो दिसतो." त्यांनी मला चहा ओतला. "मार्चपासून एक शब्द नाही."

मला फार वाईट वाटलं. मशीन भंगारात गेल्याचं सांगायचं सोडून मी चहाचा कप उचलला.

त्या म्हणाल्या, "मशीन थांबतं ना तेवढं? घाईत कुणी कमी नाही ना केलं?"

"थांबतं," मी म्हटलं. "पूर्ण एकशे तीस."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढे संत्र्यांची टोपली सरकवली.