न फुगणारं रबर

बाबांच्या बोटीचं नवं इंजिन ज्या चार रबरी गाद्यांवर बसणार होतं, त्या मी आखल्या होत्या. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माझं कामच ते. रबराचा भाग संगणकात बारीक तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटांत, विभागायचा आणि वजन टाकून तो किती दबतो ते पाहायचं. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे बोट मिरकरवाडा बंदरात उभी होती. घरात इंजिनीयर असताना गाद्या बाहेरून कशाला आणायच्या, असं मीच ऐटीत म्हटलं होतं.

उत्तर झकास आलं. गादी जेमतेम केसभर दबत होती. मी लॅपटॉप बाबांसमोर धरला. ते चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.

"दाबलंय, तर बाजूनं फुगलं नाय कसं गो?"

माझा राग नाकावरच असतो. "बाबा, यातलं तुम्हाला काय कळतंय?" म्हटलं. जुन्या इंजिनाखालची गादी आणून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली आणि जाळं शिवायला बसले. वर्षानुवर्षं दबून तिचं पोट चारी बाजूंनी बाहेर आलं होतं.

माझं तोंड उतरलं. रबर दाबलं म्हणून आकसत नाही, इकडून दाबलं की तिकडून बाहेर येतं. आणि मी सवयीने लोखंडाला लावते तोच साधा एलिमेंट लावला होता. रबरात तो अडून बसतो, फुगूच देत नाही, आणि गादी आहे त्याहून कडक दिसते. परीक्षेत मी हे पानभर लिहिलं होतं! मग आतला दाब वेगळा मोजणारा हायब्रीड एलिमेंट निवडला. गादी भसकन फुगली. इंजिन अर्धं पेर खाली बसत होतं. तसंच बसवलं असतं, तर इंजिनाला जोडलेला, पाण्यातल्या पंख्याचा दांडा वाकडा ओढला जाऊन बोट भर समुद्रात बंद पडली असती, बाबा आणि खलाशांसकट.

गाद्या पुन्हा आखल्या. बंदी उठली, बोट गेली आणि मासळी भरून सुखरूप परत आली. धक्क्यावर बाबा ज्याला त्याला सांगत होते, "गाद्या माझ्या पोरीनं केल्यान."

स्वतः विचारलेल्या प्रश्नाबद्दल त्यांनी आजवर कोणाकडे चकार शब्द काढलेला नाही. म्हणून तो मी इथे लिहून ठेवते आहे.