बारा अंश, पाच इकडेतिकडे

आमच्या जवाईबुवांइतका खरं बोलणारा आणि त्यापायी बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, घराला घोर लावणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. मी चौथीतून शाळा सोडली, पण माणूस मला कळतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या परदेशी यानानं धाडलेले फोटो बघून तिथली जमीन किती उताराची, हे काढायची त्यांची नोकरी. आणि बुवा प्रत्येक आकड्याला शेपूट लावणार. चहात साखर किती विचारलं, तर "दीड चमचा, अर्धा इकडेतिकडे." मुलगी पसंत आहे का, याच्या उत्तराला तेवढं शेपूट नव्हतं, म्हणून तर मी लग्नाला होकार दिला.

त्या वर्षी यावलला आमच्याकडं आले ते तोंड पाडूनच. एका उताराचा आकडा साहेबांना फोनवर कळवायचा होता. साहेबांना तो ठाम हवा, आणि बढती त्यावर अडलेली. बुवा केळीच्या बागेत फोटो मांडीवर घेऊन बसले. उजळ ती उन्हाकडं तोंड केलेली बाजू, काळपट ती पाठ फिरवलेली, असा त्यांचा हिशेब.

मी म्हटलं, "जवाईबुवा, काळं दिसतं म्हणजे उतारच कशावरून? मातीच काळी नसंल?"

"तीच तर भीती आहे, आबा. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं."

"मग जाऊन बघून या!"

मुलगी कडाडली, "आबा, थट्टा पुरे. अहो, एक आकडा सांगा आणि मोकळे व्हा!"

पोस्टात ट्रंककॉल लागला. मुलगी दाराशी, पदराचं टोक दातात धरून. मी बुवांच्या कानाशी लागलो, "मर्दानं एकच आकडा बोलावा."

"साहेब, बारा अंश!" ते ओरडले. मुलीनं श्वास सोडला.

"पाच इकडेतिकडे!"

पलीकडून काहीतरी गरजलं. "नाही साहेब, नुसतं बारा नका लिहू! माती काळी निघाली तर तेही चुकलं!" पोस्टमास्तरसुद्धा खुर्चीतून उठले. फोन बंद झाला.

बढती गेली. परतीच्या एसटीत बसेपर्यंत मुलगी त्यांच्याशी बोलली नाही. मी बोललो. ज्याच्या जिभेवर खोटा आकडा चढत नाही असा जवाई मी शोधला होता, आणि माझी निवड चुकत नसते.

पुढं त्यांची बदली फार लांब झाली, दोघांचं येणं कमी झालं. पत्रात मात्र दर वर्षी तेच असतं: "दिवाळीला येतो, चार दिवस इकडेतिकडे." म्हणून दिवाळीच्या चार दिवस आधीपासून मी स्टँडवर जाऊन बसतो, आणि दिवाळी सरल्यावरही चार दिवस बसतो. लोक हसतात. हसू देत. त्या माणसानं मुदत दिलेली आहे, आणि ती अजून संपलेली नसते.