समुद्राकडे तोंड असलेलं घर

माझ्या माहेरच्या घराचं वर्णन मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं, ते पुढे थांबलंच नाही. सासर खालापूर तालुक्यात, माहेर रेवदंड्याजवळ समुद्रकाठी. त्यामुळे बोलायला भरपूर वाव होता. इथून उठून तिथे खरंखोटं करायला कोण जाणार?

घर होतंही तसं पाहण्यासारखं. माझे पणजोबा मुंबईला कुणा साहेबाच्या बंगल्यावर देखरेखीला होते. गावी परतताना त्यांनी पैसा किती आणला कुणास ठाऊक, पण साहेबी थाट मात्र डोक्यात भरून आणला. पुढच्या बाजूला तीन कमानी, दारावर अर्धगोल रंगीत काचा, माडीला लोखंडी नक्षीचा कठडा. पायऱ्या चढलं की दोन्ही अंगांना समोरासमोर बांधलेले दोन कट्टे, पाठ टेकायला छान गोलाई दिलेले. उंबरा ओलांडला की मात्र साहेब संपला. शेणाने सारवलेलं माजघर, मागच्या पडवीत नारळांचा ढीग, त्यापलीकडे न्हाणी आणि विहीर. "पुढून कोट-टोपी, मागून लंगोटी," असं माझे वडीलच म्हणायचे. सासरी सांगताना मी लंगोटी गाळत असे.

"आणि घराचं तोंड थेट समुद्राकडे," हे माझं पालुपद. "कट्ट्यावर चहा घेऊन बसलं की समोर नुसता समुद्र!" तांदूळ निवडताना, पापड लाटताना, शेतावर जेवण नेताना, मला विषय पुरायचा. सासूबाई ऐकून घ्यायच्या. फारच झालं तर म्हणायच्या, "आता जरा ओहोटी येऊ दे गं, भाकरी करपली."

आमचे हे रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं. जुनं घर साधं, रस्त्यालगतचं. त्याला पुढे ओटी होती आणि ओटीवर सासूबाई. सकाळी मशेरीची डबी घेऊन त्या तिथे बसल्या की रस्त्याने जाणाऱ्याची सुटका नसे. "कुठं निघालास रं? आईचा ताप उतरला का? मंग दवाखान्यात का नाय नेली?" गावातलं कोण कुठल्या एसटीने कुठे गेलं, हे कंडक्टरच्या आधी त्यांना कळत असे. पुढे त्यांचे गुडघे गेले, पण ओटीवर बसायला गुडघे लागत नाहीत. गाव पायाने त्यांच्याकडे यायचं.

नकाशा काढायला कर्जतहून एक तरुण इंजिनियर आला. मुंबईकरांचे शनिवार-रविवारचे बंगले काढून काढून त्याचा हात बसला होता. मी त्याला कमानी सांगितल्या, काचा सांगितल्या, कट्टे सांगितले. तो भराभर लिहीत गेला. मग मी म्हटलं, "आणि तोंड पश्चिमेला."

"पण रस्ता पूर्वेला आहे, काकू. पश्चिमेला काय आहे?"

"समुद्र."

त्याने बिचाऱ्याने मान वळवून बघितलं. आमचे हे म्हणाले, "आहे, आहे. मध्ये पेण आणि अलिबाग आहे, एवढंच."

सासूबाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी रस्त्याला पाठ?" मी म्हटलं, "आई, रस्त्याची धूळ केवढी येते!" मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. मी तेव्हा समुद्र बघत होते.

घर झालं. माझ्या मते अगदी हुबेहूब. समोर आमचं भाताचं शेत आणि त्यापलीकडे कुणा मुंबईकराच्या बंगल्याची भिंत, तिच्यावर काटेरी तार. पावसाळ्यात कळलं की पश्चिमेचा वारा आणि पाऊस समुद्राला न विचारता थेट आमच्या कमानीत घुसतो. मग कमानींवर निळी ताडपत्री बांधली. ती जूनमध्ये चढली, ती दसऱ्याला उतरली. माझा साहेबी थाट चार महिने मिठागराच्या गोदामासारखा दिसत होता. पण पाऊस ओसरल्यावर पलीकडच्या बंगल्यातल्या मुली रील करायला आल्या आणि माझा सगळा शीण गेला. "आंटी, ये गोवा स्टाइल है ना?" असं एकीने विचारलं. मी तिला चहा दिला आणि चहा निवेपर्यंत पणजोबांचा इतिहास सांगितला. त्या मुली पुन्हा आल्या नाहीत.

सासूबाई पहिले काही दिवस कट्ट्यावर बसल्या. मशेरी लावली, शेताकडे बघितलं, आत आल्या. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाल्या, "बगळं हायत. त्यांना काय इचारू, कुठं निघालास?" मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. रस्त्याच्या बाजूला आता आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार, मोरीचा पाइप आणि गॅसची टाकी. तिथे बसायला जागा नव्हती. हळूहळू त्या खोलीतच राहू लागल्या. आधी बडबड गेली, मग जेवण अर्ध्यावर आलं. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी लुगडी पिशवीत भरली आणि म्हणाल्या, "मला पोरीकडं पोचव. कर्जतला तिच्या दारावरनं मानसं तरी जातात."

मला पहिला विचार आला तो लोकांचा. सुनेने बंगला बांधला आणि सासूला घालवली, असं गाव म्हणणार, आणि गावाचं काही चुकणार नव्हतं. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला, पण तो जास्त बोचला. या घरात माझं ऐकून घेणारं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. आमचे हे तर माहेर शब्द निघाला की मोबाइल कानाला लावतात, कुणाचा फोन आलेला नसला तरी. त्या गेल्या असत्या तर मी समुद्र कुणाला सांगणार होते? मला रडू आलं. मी त्यांना म्हटलं, "भाऊबीजेला जाऊन येते, मग बघू." "ये जाऊन," त्या म्हणाल्या, "पिशवी भरलेलीच हाय."

माहेरी भावाने ओवाळणी घातली, वहिनीने चहा दिला. मी कप घेऊन कट्ट्यावर बसले आणि समोर, रस्त्यापलीकडे बघितलं. नारळीची वाडी. मान उंच केली, तरी वाडी. कडेने बघितलं, तर वाडीचं कुंपण.

"ही झाडं कधी लावलीस रे मध्ये?" मी भावावर डाफरले. "समुद्र झाकला ना सगळा!"

"ताई, ही वाडी आजोबांच्या वेळची आहे. इथून समुद्र कधी दिसत होता? इथून फक्त गाज ऐकू येते. समुद्र दिसायचा माळ्यावरच्या खिडकीतून, आणि तू तिथे चढायचीस म्हणून मार खायचीस."

माराचं आठवलं. मग बाकीचंही आठवायला लागलं. आणि तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरून एक कोळीण आली, टोपली कट्ट्यावर टेकवून बसली आणि मला विचारू लागली, "कवा आलीस गो? पोरं नाय आनली?" ती उठते तोच शेजारची म्हातारी आली. मग खेळून परतणारी भाची, मग भावाचा कुणी मित्र. माझा चहा निवून गेला. माझी आई रोज संध्याकाळी इथेच बसायची, पदराने वारा घेत. तिचं तोंड समुद्राकडे कधीच नव्हतं, रस्त्याकडे होतं. साहेबाच्या कमानी पणजोबांनी हौसेने लावल्या असतील. कट्टे मात्र त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला बांधले होते. आणि मी नेमके तेच उचलून नेऊन बगळ्यांसमोर मांडले होते.

परत आल्या आल्या मी गवंड्याला बोलावलं. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, गॅसची टाकी बाजूला सरकवून, समोरासमोर दोन कट्टे घालायला सांगितले, वर थोडी कौलं. "ताई, कमान करू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नको रे बाबा." आमचे हे हसले, आणि तेही मला दिसेल असे. सासूबाई दारात खुर्ची टाकून काम बघत राहिल्या. कर्जतचं विचारलं तर म्हणाल्या, "ह्यो काय करतोय ते बघते, मंग जाईन."

सिमेंट वाळलं त्या सकाळी त्या मशेरीची डबी घेऊन बाहेर बसल्या. मी आत भाजी चिरत होते. रस्त्याने जाणारी एक बाई थांबली आणि बसली. "घर मोठं झाक बांधलंय गं म्हातारे. पन तोंड त्या अंगाला कशापायी?"

मी विळीवरच थांबले. आता निघणार माझी लक्तरं, आणि तीही भर रस्त्यावर.

"आमच्या सूनबाईच्या माहेरी तसंच हाय," सासूबाई म्हणाल्या. "घराचं तोंड सरळ समुद्राकडं. कट्ट्यावर बसलं का समोर निस्ता समुद्र."

बाई गेल्यावर मी बाहेर आले, समोरच्या कट्ट्यावर बसले. खरं सांगायला जीभ उचलत नव्हती, पण सांगितलं. "आई, तिथून समुद्र दिसत नाही. नारळीची वाडी आहे. घराचं तोंड रस्त्याकडे आहे."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "तुज्या लग्नात दोन दिस त्याच कट्ट्यावर बसलेली मी. किती मानसं भेटली! एक थेंब समुद्र नाय दिसला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुजं माहेर ते. त्यात रस्ता किती ठेवायचा न् समुद्र किती, ते तू ठरवनार. मी कशाला उणं काढू?" त्यांनी बोट मशेरीत बुडवलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आनि ती माजी पिशवी रिकामी कर जा. कांदं भरायला घरात येक धड पिशवी नाय."