सोमवारच्या डाळीतली कोळंबी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कट्टा गावातल्या एसटी थांब्यासमोरच्या दुकानात एका सोमवारी डाळ बाटवली, ती मी.

दुकान एका ख्रिस्ती नवरा-बायकोचं. पुढे किराणा, मागे चार बाकांची खानावळ. जवळच्या कचेरीत होतो तेव्हा दुपारी रोज तिथंच जेवायचो. सोमवारी बऱ्याच जणांना शिवराक, म्हणजे बिनमाशाचं जेवण लागतं. त्यासाठी बाईंनी चूल वेगळी, टोप वेगळा, वाढायची डवलीसुद्धा वेगळी ठेवलेली. तिच्या दांड्याला लाल दोरा. शिवराकाचं शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत बाई माशाला हात लावत नसत. त्या दिवशी कालवण नवऱ्याकडे.

"पाद्री शुक्रवारी मटाण खाव देणा नाय, ही सोमवारी माका रांधूक लावता. लगीन कित्याक केलंय मी?" तो कुरकुरायचा.

"आधी मीठ बघा, मगे बोला!"

इतकी निष्ठा दुसऱ्याच्या उपासासाठी मी कुठे पाहिली नाही.

रोजच्या माणसांना हाताने वाढून घ्यायची मुभा होती. त्या सोमवारी बाई पुढे साखर जोखत होत्या. मला कोळंबीच्या कालवणावर थोडी डाळही हवी होती. हातात कालवणाची डवली होती, ती ठेवून दुसरी घ्यायचा आळस केला. तीच शिवराकाच्या डाळीत घातली.

पाच मिनिटांत शेजारच्या बाकावर शिवराक जेवणारे निवृत्त गुरुजी ताटावरून उठले. बाईंनी नुकत्याच वाढलेल्या डाळीत कोळंबी होती.

"बाये, ह्या काय गो? तुझ्या भरवशार जेवतंय मी!"

बाईंनी ताटात पाहिलं. कुणाकडे बोट दाखवलं नाही.

"माझ्याच हातान झाला असतला, गुरुजी."

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

त्यांनी टोपभर डाळ माडाच्या मुळाशी ओतली. पुढच्या सोमवारी शिवराक नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या हाताचो आता माकाच भरवसो नाय." मी जेवणाचे पैसे देऊन कचेरीत परतलो.

दुकान आजही चालतं. कालवण तेवढंच चांगलं. गुरुजी सामान नेतात, बाकावर बसत नाहीत. मी गेलो की बाई न मागता सोलकढी आणून ठेवतात, आणि मी ती पितो.

चूक माझ्या हातची होती, हे गुरुजींच्या समोर बाईंना सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.