देशमाने काका मागे राहिले तेव्हा

काकांना फोन लावला तर तो अनोळखी माणसाने उचलला. “आप इनके कौन हैं?” त्याने विचारलं. जयपूरहून निघणाऱ्या टोंक रोडवर, चाकसूच्या अलीकडे एका चहाच्या टपरीला सायकली टेकवून आम्ही काकांचीच वाट बघत होतो. मी काय उत्तर दिलं, आठवत नाही... परत फिरून शिवदासपुऱ्याजवळ पोचलो तेव्हा फोन उचलणाऱ्या त्या ट्रकवाल्याने रस्त्याकडेला काकांच्या डोक्याखाली आपला गमछा ठेवला होता. सगळं संपलं होतं.

याला आता दीड महिना होईल. देशमाने काका मूळचे सांगलीचे, विमा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी शर्यतीत सायकल मारायचे. पुढे नोकरी, बदल्या, जयपूर, आणि सायकल सुटली ती सुटलीच. जगतपुऱ्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते राहायचे. काकू गेल्यावर त्यांनी बोलणंच टाकलं होतं. एकदा लिफ्टपाशी माझी सायकल बघून मात्र थबकले, चेनवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “तेल पाज की हिला, लेका.” पुढच्या रविवारी मी त्यांना आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये ओढून नेलं. ओढूनच म्हणायला हवं, ते नको नको म्हणत होते.

मग काका बोलायला लागले ते थांबेचनात. युरोपातल्या जुन्या व्यावसायिक शर्यतींचं त्यांना वेड होतं. खडीचे रस्ते, खांद्याभोवती गुंडाळलेले जादा टायर, आणि वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही हा नियम. एका गड्याचा पुढचं चाक धरणारा फोर्क मोडला, तर पठ्ठ्या सायकल खांद्यावर टाकून डोंगर उतरला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने जोडून पुन्हा निघाला. “पंच शेजारी उभे! भाता दुसऱ्यानं हलवला म्हणून त्याचीसुद्धा शिक्षा!” हे सांगताना काकांचे डोळे चमकायचे. “काय हा नियम, काका,” मी म्हणायचो. “नियम वाईटच. पण गडी बघ की!”

त्या रविवारी समोरून वारा होता. सांगानेर ओलांडल्यावर काका मागे पडू लागले. मी वेग कमी करून त्यांच्या बाजूला आलो. चेहरा घामाने डबडबलेला.

“बरं वाटतंय ना?”

“वारा हाय नुसता. तू हो पुढं. टपरीवर गाठतो तुला.”

मी थांबलो असतो तर त्यांना अपमान वाटला असता, असं मी मनाला समजावतो. पण खरं सांगायचं तर पुढच्यांना गाठायची मलाच घाई होती.

तेराव्यानंतर त्यांच्यासोबत राहणारी त्यांची मुलगी मृणाल आमच्या घरी आली. जयपूरमध्येच वाढलेली, मराठी अडखळत बोलते. “दादा, बाबांना त्रास होत होता ते तुम्हाला, मतलब... दिसलं होतं?”

“दिसलं होतं. दमलेत, असं वाटलं मला.”

ती म्हणाली, “मलापण दिसलं होतं. सकाळी, शूज घालताना. छाती चोळत होते. पण इतके खूश होते ना... मी काही नाही बोलले.”

तिला म्हणालो, तुझी काही चूक नाही. तीही मला तेच म्हणाली. दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसला नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा टोंक रोडला गेलो. काकांना एक सवय होती. चालवता चालवता मान वळवून ते मागे बघायचे आणि ओरडायचे, “हाय का रं?” मागे मी दिसलो की पुन्हा पुढे बघायचे. सांगानेरच्या पुढे माझीही मान आपोआप वळली. रस्ता मोकळा होता... त्या दिवशी मी एकदाही वळून बघितलं नव्हतं.