सिद्ध झालेलं अशक्य

मुळशीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सॉफ्टवेअरच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवतो. पहिल्याच तासाला मुलं विचारतात, "सर, याचा प्लेसमेंटला उपयोग आहे का?" आजवर मी बरीच भारदस्त उत्तरं दिली. त्यातलं एखादं कुणाला पटल्याचं आठवत नाही.

एका वर्षी ठरवलं, बोलण्यापेक्षा करून दाखवू. कॉलेजचं वेळापत्रक तेव्हा ऑफिसातल्या एक ताई हातानं करायच्या. त्या माण गावच्या. चौकटींचा मोठा कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन त्यांचं आठवडाभर तेच चालायचं. मी वर्गात जाहीर केलं की हे काम सॉल्व्हर क्षणात करेल. सॉल्व्हर म्हणजे असा प्रोग्राम, ज्याला आपण फक्त अटी सांगायच्या. सगळ्या एकदम पाळता येत असतील तर तो कशा ते दाखवतो. नसतील तर 'अशक्य' म्हणतो. "आणि त्याचं अशक्य म्हणजे सिद्ध झालेलं अशक्य. तिथे वशिला चालत नाही," असंही मी जरा थांबून, फळ्याकडे पाठ करून म्हटलं होतं.

शिक्षकांच्या, वर्गांच्या, लॅबच्या अटी मी स्वतः बसून लिहिल्या. प्रोग्राम चालवला. उत्तर आलं, अशक्य.

शहाण्या माणसानं आपलं काही चुकलंय का ते आधी पाहिलं असतं. मी तडक प्राचार्यांकडे गेलो आणि सांगितलं, "सर, आपल्या कॉलेजचं वेळापत्रक होऊच शकत नाही. मी सिद्ध केलंय."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "गेल्या वर्षी झालं होतं की."

"ते चुकलेलं असणार."

ताई तिथेच सह्यांची फाइल घेऊन उभ्या होत्या. "म्हंजे मी आठ वर्सं चुकतच आलीय व्हय?" त्यांनी शांतपणे विचारलं. मी एक अवघड संज्ञा वापरली आणि बाहेर पडलो.

वर्गात हा विजय सांगितला, तेव्हा कोळवणहून एसटीनं येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, नेमक्या कुठल्या अटी भांडतायत ते सॉल्व्हर दाखवतो ना? तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. वापरायचं सुचलं नव्हतं. मी मोठ्या मनानं तिला लॅपटॉपवर बसवलं. पडद्यावर दोनच अटी उरल्या आणि तिनं त्या सपाट आवाजात वाचल्या. तर्कशास्त्रासकट प्रत्येक विषयाचं प्रॅक्टिकल सलग दोन तासांचं हवं. तर्कशास्त्राच्या शिक्षकाला सलग दोन तास नकोत.

"सर, तर्कशास्त्राचे शिक्षक तुम्हीच ना?"

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या अजून तीन अटी आहेत, सर," ती खाली सरकत म्हणाली. "सोमवारी बाराच्या आधी..."

"काढून टाक," मी म्हणालो.

मग वेळापत्रक खरोखर क्षणात आलं. ते छापून मी ताईंसमोर ठेवलं. त्यांनी वरून खाली एकदाच नजर फिरवली.

"सर, ह्यात जेवायची सुट्टी कुटं हाय?"

"ते लिहायचं राहिलं."

"ते बी लिहायला लागतंय?"

"मशिनला लागतं."

"आन् कोळवणची एसटी यंदापासनं सव्वानवाला येती. पोरी नवाच्या तासाला कशा पोचणार?"

ती मुलगी रोज पंधरा मिनिटं उशिरा वर्गात शिरायची. तिला शिस्त नाही, असं माझं वर्षभर मत होतं.

पुढचे दोन तास मी ताईंना वर्गात बोलावलं. त्या खुर्चीवर बसून एकेक अट सांगत गेल्या: कुठल्या लॅबचा पंखा बंद आहे, कुणाचं पाळणाघर पाचला बंद होतं, कुठल्या दोन मास्तरांचं पटत नाही म्हणून त्यांना शेजारचे वर्ग द्यायचे नाहीत. मुलं भराभरा लिहून घेत होती. माझ्या तासाला एवढ्या वह्या उघडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मी मागच्या बाकावर बसून होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही बरंच समजत होतं.

वेळापत्रक शेवटी सॉल्व्हरनंच काढलं, पण तपासून सही ताईंनी केली. नोटीस बोर्डाला पिन टोचता टोचता त्या म्हणाल्या, "तुमाला शनवारी दुपारचा तास आलाय, सर. चालंल न्हवं?"

मी चालेल म्हणालो.